हिम कधीच न पाहिलेल्या वर्गाला हिम शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवीचा वर्ग, एकाही मुलाने हिम पडताना पाहिलेले नाही. वृष्टीचा पाठ सुरू केला की पाऊस कळतो, गारा कळतात, पण हिमाशी आले की ‘म्हणजे फ्रीजमधला बर्फच ना?’ इथे गाडी अडते. शाळेत फ्रीज नाही. गावात बर्फाची लादी मिळते, रसवंतीशेजारी गोळेवाला असतो आणि एक आइस्क्रीमचे दुकान आहे. एवढ्यावर काय करता येईल?

बरेच काही करता येते. पण आधी एक गोष्ट टाळा. इंटरनेटवर ‘घरच्या घरी स्नो बनवा’ म्हणून जे चालते, म्हणजे डायपरमधली भुकटी पाण्यात फुगवणे किंवा खायचा सोडा आणि दाढीचा फेस कालवणे, त्याचा हिमाशी काहीही संबंध नाही. ते फक्त पांढरे दिसते. स्नेहसंमेलनाच्या नेपथ्याला ठीक आहे, विज्ञानाच्या तासाला नको. ‘हिम म्हणजे पांढरे मऊ काहीतरी’ हे एकदा मुलांच्या डोक्यात बसले की पुढे उपसून काढणे कठीण जाते.

गोंधळाचे मूळ आपल्या शब्दात आहे. लादी बर्फ, गोळा बर्फ, ट्रेमधले खडे बर्फ आणि मनालीला पडतो तोही बर्फच. म्हणून फळ्यावर चार शब्द लिहा: बर्फ, गार, दहिवर, हिम. प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा, हे पाण्यापासून झाले की वाफेपासून? लादी पाण्यापासून झाली. गार ढगातले पाण्याचे थेंब गोठून झाली. दहिवर हवेतल्या वाफेपासून, जमिनीलगत. हिम हवेतल्या वाफेपासूनच, पण उंचावर ढगात. संपूर्ण पाठाचा कणा एवढाच आहे. हिम म्हणजे गोठलेला पाऊस नव्हे, ती मधली पाण्याची पायरी न चढता थेट स्फटिक झालेली वाफ आहे. (‘संप्लवन’ हा शब्द दोन्ही दिशांना वापरला जातो, कापूर उडतो तेव्हाही आणि वाफेचे थेट हिम होते तेव्हाही. मुलांना हे आधीच सांगून टाका, नाहीतर हुशार मुलगी तिथेच तुम्हाला अडवेल.)

फ्रीजरच्या भिंतीवर जो पांढरा भुसभुशीत थर चढतो तो हिमाचा सख्खा भाऊ आहे, आणि ट्रेमधला बर्फ लांबचा चुलत. त्यामुळे ‘फ्रीजमधला बर्फच ना?’ या प्रश्नाला ‘फ्रीजमधला कुठला?’ असे विचारले की निम्मा पाठ तिथेच होतो.

पहिला प्रयोग दोन पेल्यांचा. स्टीलचे दोन सारखे पेले घ्या, साधारण २५० मिलीचे, बाहेरून कोरडे आणि तेलकटपणा नसलेले. लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून वरवंट्याने हरभऱ्याएवढा फोडा. पहिल्या पेल्यात नुसता बर्फ आणि घोटभर पाणी. दुसऱ्यासाठी १५० ग्रॅम बर्फ आणि ५० ग्रॅम मीठ, म्हणजे तीनास एक. खडे मीठ स्वस्त पडते, पण थोडे कुटून घ्या, मोठे खडे तळाशी जाऊन नुसते बसतात. दोन्हींत चिमूटभर खाण्याचा लाल रंग घाला. पेले घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवा, कारण टेबल ओले असेल तर दुसरा पेला चक्क त्याला चिकटून गोठतो.

तीन-चार मिनिटांत पहिल्या पेल्यावर दव धरते, थेंब ओघळतात. दुसऱ्यावर आधी धुरकट झाक येते आणि मग पांढरी लव उगवते. भिंगातून पाहिले तर त्यात बारीक सुया आणि पाकळ्या दिसतात, नखाने खरवडले तर भुकटी निघते. हे दहिवर. मुले हमखास म्हणतात, ‘पेला पाझरला.’ लाल रंग त्यासाठीच होता. आत लाल, बाहेर पांढरे, मग हे पाणी आले कुठून? उत्तर वर्गाला काढू द्या, घाई करू नका. ‘हवेतून’ हे उत्तर आले की दोन्ही पेले शेजारी धरून विचारा, हवा तीच, वाफ तीच, मग एकावर थेंब आणि दुसऱ्यावर सुया का? फरक फक्त पृष्ठभाग शून्याच्या वर आहे की खाली, एवढाच. ढगातही हाच फरक थेंब आणि हिमस्फटिक वेगळे करतो.

हा प्रयोग बहुतेक वेळा कोकणात आणि पावसाळ्यात फसतो. हवा इतकी दमट असते की पेला शून्याखाली जाण्याआधीच त्यावर पाण्याचा थर बसतो, मग तोच गोठतो आणि पांढऱ्या लवेऐवजी काचेसारखा कडक, पारदर्शक पापुद्रा मिळतो. उपाय असा की मीठ-बर्फ आधी पातेल्यात ढवळून पुरेसा गार करा आणि मगच कोरड्या पेल्यात ओता, म्हणजे पेला दवाची पायरी झटकन ओलांडतो. उलट विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी हवेत वाफच पुरेशी नसते. तिथे हा तास सकाळी घ्या, किंवा पेल्यांजवळ गरम पाण्याचे पातेले ठेवा. लव मिश्रणाच्या उंचीपर्यंतच धरते, म्हणून पेला दोन तृतीयांश तरी भरलेला हवा.

मीठ घातल्यावर बर्फ जास्त गार का होतो, हे सातवीला एवढ्यात सांगता येते: मीठ बर्फाला वितळायला लावते, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो शेजारून ओढून घेतो, म्हणून सगळे मिश्रणच गार होते. या मिश्रणाची सीमा उणे २१ अंश सेल्सिअसच्या आसपास. शाळेतला साधा तापमापक उणे १० ते ११० अंशांचा असतो, तो इथे तळाशी जाऊन गप्प बसतो. टोचून मोजायचा स्वस्त डिजिटल तापमापक, जो उणे ५० पर्यंत जातो, तो आणा. पाऱ्याचा नकोच. आणि मीठ-बर्फ मुलांच्या हातावर कधीही ठेवू देऊ नका. नुसत्या बर्फाने हात बधिर होतो, याने कातडी भाजल्यासारखी होते, आणि बधिरपणामुळे मुलाला ते उशिरा कळते.

इथेच महाबळेश्वर वर्गात आणा. दर हिवाळ्यात बातमी येते की वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण दिसले. बातमीसोबत तिथले किमान तापमान पाच-सहा अंश असे छापलेले असते. मग शून्याच्या वर तापमान असताना गोठले कसे? तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत, गाड्यांचे टप, बोटीच्या धक्क्याच्या फळ्या आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षा कितीतरी गार होतात. शिवाय जड गार हवा तलावाच्या खोलगट भागात साचते. छायाचित्र मोठे करून मुलांना पाहू द्या. पारदर्शक मण्यांसारखे गोल दाणे असतील तर ते आधी धरून मग गोठलेले दव, पिसांसारखी पांढरी लव असेल तर दहिवर. दोन्हींपैकी काहीही आकाशातून पडलेले नाही, म्हणून ती हिमवृष्टी नव्हे, मथळा काहीही म्हणो.

यानंतर मुलांचा ठाम समज मोडायचा: पाणी शून्य अंशाला गोठतेच. लादीतले पाणी गोठते. ढगातला सूक्ष्म थेंब उणे दहा, उणे पंधरालाही पाणीच राहू शकतो. गोठायला सुरुवात करून देणारा कण, धुळीचा किंवा बर्फाचा, त्याला भेटावा लागतो. असा कण नसेल तर अगदी स्वच्छ थेंब उणे ३८ च्या आसपास जाईपर्यंत तग धरतो.

हे परीक्षानळीत दाखवता येते. ५०० ग्रॅम फोडलेला बर्फ, २०० मिली गार पाणी, त्यात एकेक चमचा मीठ घालत ढवळा आणि मिश्रण उणे आठला आले की थांबा. साधारण ३० ते ४० ग्रॅम मीठ पुरते. स्वच्छ परीक्षानळीत ५ मिली ऊर्ध्वपातित पाणी (बॅटरीत घालतात ते) घ्या, तापमापक आत सोडा आणि नळीला अजिबात धक्का न लावता ठेवून द्या. पारा... म्हणजे डिजिटल आकडा शून्याखाली सरकतो, उणे तीन, उणे चार, आणि पाणी अजून पाणीच. आता तांदळाच्या कणीएवढा बर्फाचा तुकडा टाका. क्षणात नळी पांढरी होते आणि तापमान उडी मारून शून्यावर येते. गोठताना तापमान वाढले! याचे कारण वर आलेच आहे, वितळताना ओढून घेतलेली उष्णता गोठताना परत मिळते. शून्यालाच गोठले तर तीन गोष्टी तपासा: नळीत ओरखडा किंवा गाळ होता का, पाणी पातळीच्या वर भिंतीला शिंतोडे उडाले होते का (तेच आधी गोठून बी, म्हणजे गोठायला सुरुवात करून देणारा कण, बनतात), आणि मिश्रण फार गार झाले होते का. दोन-तीन नळ्या एकदम लावा, एक तरी साधते.

पण ज्यासाठी खटपट करावी असा प्रयोग आइस्क्रीमच्या दुकानातला आहे. वरून झाकण उघडणारा आडवा डीप फ्रीझर असतो ना, तो दुकान बंद व्हायच्या वेळी तासभर मागून घ्या. पंखा नसलेला हवा. घरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज चालत नाही, त्यातली फिरती हवा सगळे उधळते. माल एका कोपऱ्यात सरकवा, तळाला आणि भिंतींना काळे कापड लावा. भिंतीवर जुना थर चढला असेल तर तो आधी काढलाच पाहिजे, कारण त्याचे कण गळत राहिले की आपला श्वासाचा ढग टिकत नाही. आतले तापमान उणे १५ ते उणे २० हवे. झाकण उघडून दहा मिनिटे हवा स्थिर होऊ द्या. गार हवा जड असते, ती वर येत नाही, त्यामुळे झाकण उघडे राहिले तरी चालते.

आता दोन-तीन मुलांना वाकून आत हळू श्वास सोडायला सांगा. फुंकर नको, आरशावर सोडतो तसा ‘हा’. खोलीतला दिवा घालवा आणि एका कडेने टॉर्च मारा. प्रकाशाच्या पट्ट्यात करडा ढग तरंगताना दिसेल. हे शून्याखालचे पण न गोठलेले थेंब. ढग धुरासारखा सरसकट दिसतो, त्यात कुठेही चमक नाही, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्या. मग पार्सलमध्ये येते ती फुग्यांची प्लास्टिकची गुंडाळी, तिचा एक तुकडा पाच मिनिटे आतच ठेवलेला असू द्या, आणि ढगात धरून त्यातला एक फुगा जोरात फोडा. दाबलेली हवा झटकन पसरते आणि पसरताना क्षणभर कमालीची गार होते, इतकी की तिथले थेंब बी नसतानाही गोठतात. दहा-पंधरा सेकंदांत त्या जागी बारीक ठिणग्या लुकलुकू लागतात. टॉर्चच्या समोरच्या बाजूने पाहिले तर जास्त स्पष्ट दिसतात. त्या वाढतात, पसरतात, हळूहळू खाली बसतात, आणि त्याच वेळी आजूबाजूचा करडा ढग विरळ होत जातो.

ढग विरळ का झाला, हा खरा प्रश्न. त्याच तापमानाला थेंबापेक्षा बर्फाच्या पृष्ठभागावरून वाफ कमी निसटते. त्यामुळे जी हवा थेंबांच्या मानाने जेमतेम भरलेली असते, ती स्फटिकाच्या मानाने तुडुंब असते. थेंब आटत जातात, त्यांची वाफ स्फटिकांवर जाऊन बसते. हिम वाढते ते असे, थेंबांच्या जिवावर. १९४६ साली अमेरिकेत शेनेक्टडीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी अशाच फ्रीझरमध्ये श्वास सोडून त्यात कोरड्या बर्फाचा (घन कार्बन डायऑक्साइडचा) तुकडा टाकला होता, आणि ढगात बी पेरून पाऊस पाडण्याचे प्रयत्न तिथून सुरू झाले. तुम्हाला कोरडा बर्फ लागत नाही. उणे ७८ अंशांची ती वस्तू बंद डब्यात ठेवली तर डबा फुटतो, तेव्हा ती शाळेत न आणलेलीच बरी.

आता सहा पाकळ्या. कागदाचे हिमफूल कापताना सगळीकडे एकच चूक होते. कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा असा दुमडतात आणि चार पाकळ्यांचे फूल निघते. असे हिम जगात कुठेच पडत नाही. कागदावर ताटलीने वर्तुळ आखा, कापा, एकदा अर्धे करा. अर्धवर्तुळावर कंपासपेटीतला कोनमापक ठेवून ६० आणि १२० अंशांवर खुणा करा, त्या रेषांवर दुमडून तीन थर एकावर एक आणा, मग त्या पाचरीची पुन्हा मधोमध घडी. ३० अंशांची पाचर मिळते. कातरून उलगडली की सहा पाकळ्या. भूमितीचा तासही यात निघतो.

सहाच का? एका नाण्याभोवती सहा नाणी चपखल बसतात, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही १६११ मध्ये याच कोड्यावर विचार करताना अशाच रचनांमधून चाचपले होते. नाण्यांचा खेळ पाचवीला चालेल, पण ‘ही नाणी म्हणजे रेणू’ असे म्हणू नका. बर्फात रेणू असे दाटीने बसत नाहीत. ते षटकोनी कडे करतात आणि मधे जागा मोकळी राहते. मैदानावर सहा मुलांना घोळक्याने उभे करून खडूने भोवती रेघ मारा, मग त्याच सहा जणांना हात ताठ धरून रिंगण करायला सांगा आणि पुन्हा रेघ मारा. मुले तेवढीच, जागा जास्त. बर्फ पाण्यावर का तरंगतो ते पाठांतराशिवाय कळते. स्फटिकाचे कोपरे बाहेर आलेले असतात, त्यांना ताजी वाफ आधी मिळते, म्हणून ते पुढे वाढतात आणि फांद्या फुटतात. सहाही कोपरे एकाच हवेतून प्रवास करतात, म्हणून सारखे दिसतात. आकार तापमानावर ठरतो: उणे २ च्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ ला सुया आणि खांब, उणे १५ ला चित्रात असतात तसे फांद्यांचे तारे. हे जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया यांनी शोधले. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला. मात्र प्रत्यक्षात पडणारे बहुतेक हिम मोडके, एकमेकांत अडकलेले असते, हेही सांगा. नाहीतर मुलगा मोठेपणी मनालीला जाऊन निराश होईल.

गोळेवाल्याचे काम दोन गोष्टींसाठी. लादी पारदर्शक, कीस पांढरा, असे का? आधी खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवा. वस्तू तीच, पण असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश उलटसुलट फिरतो आणि सगळे रंग मिसळून पांढरे दिसते. पिठीसाखरेवर तेलाचे चार थेंब टाकले की तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो, कारण मधली हवा गेली. गोळ्यावर सरबत ओतल्यावर तेच होते. दुसरी गोष्ट मोजण्याची: लिटरच्या मापात कीस न दाबता भरा, वितळू द्या, पाणी किती झाले ते मोजा. ताज्या हिमात हवा याहून कितीतरी जास्त असते, दहा-बारा सेंटिमीटर थराचे जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होते. हिमाखाली गहू का मरत नाही, याचे उत्तर या हवेत आहे, गोधडीसारखे. किसाला ‘कृत्रिम हिम’ मात्र म्हणू नका. तो मोडलेला बर्फ आहे, वाढलेला स्फटिक नाही. आणि कारखान्यातली लादी खाण्याची नसते, प्रयोगानंतर मुले तोंडात घालणार हे गृहीत धरूनच चला.

शेवटी थोडे गणित, तेही मुलांकडूनच करून घ्या. वर जाताना दर किलोमीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर ३० अंश असेल तर शून्य किती उंचीवर? उत्तर येते ४.६ किलोमीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तीन कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या की आपण शून्य अंशाच्या उंचीच्याही वर पोचलो. वळवाचा ढग त्याच्या दुप्पट उंच जातो. म्हणजे मे महिन्यात अंगाची लाही होत असताना डोक्यावर पाच किलोमीटरवर हिम तयार होत असते, ते फक्त वाटेत वितळून आपल्याला टपोऱ्या थेंबांचा पाऊस होऊन भेटते. कधी ते कण न गोठलेल्या थेंबांमधून वर-खाली फिरतात, त्यांच्यावर पाण्याचे थर गोठत जातात आणि गार तयार होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट शेतकऱ्यांच्या घरात अजून आठवणीत असेल, तिथून हा धागा धरा. पुढच्या गारपिटीत (डोक्यावर पाऊस-गारा थांबल्यावर, आधी नव्हे) दोन-चार गारा डब्यात घालून आइस्क्रीमवाल्याकडे ठेवा. गरम केलेल्या सुरीने मधोमध कापून काळ्या कागदावर ठेवल्या की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक पारदर्शक. दुधी थर झटपट गोठून हवा अडकलेला, पारदर्शक थर सावकाश गोठलेला. हिमात असे थर कधीच नसतात.

कोणी कुटुंब खरोखर सिमल्याला, गुलमर्गला निघाले असेल किंवा परदेशातला भाऊ-बहीण व्हिडिओ कॉलवर असेल, तर त्यांना एवढेच सांगा: काळ्या लोकरी कापडाचा तुकडा अर्धा तास बाहेर गार होऊ द्या, त्यावर हिम झेला, दहापट भिंगाने पाहा आणि श्वास रोखून धरा. कापड गार केले नाही तर पाहण्याआधीच पाणी होते.

उरलेले मीठ-पाणी शाळेच्या झाडांना घालू नका, मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडा. पेले, चमचे आणि तापमापकाची दांडी लगेच गोड्या पाण्याने धुवा, स्टीललाही मिठाचे डाग पडतात.